उधारीची वसुली व न्यायालयांची उतरंड

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये निराळी व घटक राज्यांची निराळी. संघराज्याची जिल्हा न्यायालयेच ९४ आहेत. आपल्या राज्यघटनेने मात्र एकच उतरंड रचिली. कायदा दिल्लीचा असो वा गुजरातचा, दावा बहुधा जिल्ह्यातील न्यायालयातच प्रथम चालतो. वर उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर येथील न्यायालये मुंबई उच्च न्यायालयाखाली आली. १९६० पासून ती गुजरात उच्च न्यायालयाखाली आहेत.

२०१५ च्या कायद्याने व्यापारी न्यायालये निर्माण झाली. २०१८ पासून ३ लाख रुपये व त्यावरील व्यापारी तंटे त्यांजकडे जातात. तातडीचा हुकूम मागावयाचा नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे.

व्यापारी बंधूंनी मुदत मात्र विसरू नये. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा उधारीचा वायदा सरल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो. तत्पूर्वी ऋणकोने बाकी लेखी कबूल करून सही दिल्यास मुदत नव्याने सुरू होते. शब्दावर पेढी चालते हे खरे. तथापि दिवाळीच्या चोपडापूजनापूर्वी खातेबाकीवर सही घेण्यात संकोच नसावा. हिशेब स्वच्छ असला म्हणजे स्नेहही टिकतो.