प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, २०२०-२१ हंगाम

२०२०-२१ चा हंगाम हा प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया (संक्षेप: पीजीटीआय) या २००६ मध्ये स्थापन झालेल्या पुरुष व्यावसायिक स्पर्धामालिकेचा जोडहंगाम होता. कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये थांबलेल्या स्पर्धा नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि दोन्ही वर्षांची कमाई एकत्र मोजली गेली.

या खेळाडूंना पगार नसतो, हे सहसा लक्षात येत नाही. बहुतेक स्पर्धांत दोन फेऱ्यांनंतर 'कट' लागतो. म्हणजे मागे पडलेले खेळाडू वगळले जातात व बक्षिसाची रक्कम उरलेल्यांत वाटली जाते. साहजिकच खेळ बंद पडणे म्हणजे अनेकांचे उत्पन्नच बंद पडणे होते.

बक्षिसांच्या कमाईनुसार लागणाऱ्या क्रमवारीस 'ऑर्डर ऑफ मेरिट' म्हणतात. तीत पुण्याचे उदयन माने अव्वल ठरले. पीजीटीआयमधील कामगिरीचे गुण जागतिक क्रमवारीतही धरले जात. जुलै २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतल्याने त्या क्रमवारीनुसार राखीव असलेल्या माने यांना ऐन वेळी टोकियो ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. पुरुष गटातील दुसरे भारतीय खेळाडू अनिर्बान लाहिरी होते.