पाड्यावरचे संघटन : खापर परिसर आणि सातपुड्यातील आदिवासी चळवळी

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेल्या खापरच्या आसपासचा मुलूख भिल्ल समाजाचा आणि त्याच्या देहवाली बोलीचा असून, येथील सामाजिक न्यायाच्या चळवळींचा इतिहास लिहिताना मोर्चे, सभा आणि नेत्यांची नावे यांनाच बहुधा अग्रभागी स्थान मिळाले आहे. प्रत्यक्षात या चळवळींचे जे काही टिकले, ते पाड्याने, म्हणजे गावापासून सुट्या असलेल्या घरांच्या वस्तीने, स्वतःच्या हाती ठेवलेल्या कामामुळे टिकले.

या परंपरेचा आरंभ धार्मिक सुधारणेत आढळतो. 1930 च्या दशकात तळोदा परिसरातील गुला महाराजांनी दारू सोडण्याचा, स्नानाचा आणि सामुदायिक आरतीचा उपदेश केला. या ‘आप’ पंथाच्या आरतीला मोठे समुदाय जमू लागले आणि 1938 मध्ये महाराजांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेले. हे निव्वळ भक्तीचे प्रकरण नव्हते. दारू सुटली की उधारी कमी होते आणि उधारी कमी झाली की सावकाराची पकड सैल होते, हा हिशेब त्यात होताच.

जमिनीचा प्रश्न उघडपणे पुढे आला तो शहादा-तळोद्याच्या सपाटीवर. तेथे जमिनी गमावलेले आदिवासी सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेले शेतगडी म्हणून, मोठ्या बागायतदारांकडे राबत असत. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे धान्यावरून झालेल्या संघर्षात गोळीबार होऊन आदिवासीचा बळी गेला. त्यानंतर सर्वोदयी विचारांचे भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि शहरांतून आलेल्या तरुणांच्या सहभागाने श्रमिक संघटना उभी राहिली. 1972 च्या दुष्काळानंतर स्त्रियांनी गावोगावच्या दारूभट्ट्यांवर चाल केली, मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. हा कार्यक्रम कोणत्याही नेत्याच्या विषयपत्रिकेवरून आलेला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तो सर्वांत झपाट्याने पसरला.

बाहेरून आलेला सुशिक्षित कार्यकर्ता आणि स्थानिक श्रमिक यांच्यातील अंतर मात्र मिटले नाही. या संघटनेत वाढलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता नेमक्या याच अंतराविषयी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतही हा पेच होता. 1960 मध्ये विद्यार्थ्यांची स्वतंत्र समिती स्थापन होण्यास साहाय्य करणाऱ्या एला बेकर यांनी एका करिष्म्याच्या नेत्यावर विसंबण्यास सातत्याने विरोध केला, तो याच कारणासाठी.

पुढे नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातील 33 गावे आली आणि ती सर्व अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील होती. त्यांपैकी मणिबेली या गावापासून सुरू झालेला नर्मदा बचाव आंदोलनाचा लढा जागतिक बँकेपर्यंत पोहोचला आणि 1993 मध्ये बँकेचे कर्ज थांबले, पण धरण थांबले नाही. चिमलखेडी, निमगव्हाण येथे सुरू झालेल्या जीवनशाळा, जेथे मुले प्रथम आपल्या बोलीत शिकतात, हे या लढ्याचे कमी गाजलेले पण दीर्घकाळ चाललेले फलित होय. दुसरीकडे, विस्थापितांसाठी तळोद्याची वनजमीन देऊ केली गेली, तेव्हा तेथे आधीपासून कसणाऱ्या भूमिहीन आदिवासींशी त्यांचा संघर्ष उद्भवला. वंचितांपैकी कोणाचा हक्क आधीचा, या प्रश्नाला कोणत्याही घोषणेत उत्तर नव्हते.

2006 च्या वनहक्क कायद्याने या कामाचे स्वरूप बदलले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कमाल 4 हेक्टरपर्यंतचा वैयक्तिक हक्क मिळू शकतो. तो वारसाने जातो, विकता येत नाही आणि विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. दावा प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे येतो. समिती शेतावर जाऊन हद्द पाहते, बांध आणि जुनी झाडे नोंदवते, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेते. अतिक्रमणाबद्दल वनखात्याने फाडलेल्या दंडाच्या पावत्या, ज्या पूर्वी गुन्ह्याची खूण होत्या, त्याच आता कब्जाचा पुरावा ठरतात. मात्र ज्यांनी त्या जपून ठेवल्या त्यांच्यापुरत्याच. लोकसंघर्ष मोर्चा आणि सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभा यांसारख्या संघटनांनी दाव्यांसाठी मोर्चे काढले, परंतु दाव्याचा निकाल कागदावर लागतो. दावा नामंजूर झाल्यास त्याचे कारण लेखी कळवणे बंधनकारक असून, ग्रामसभेच्या निर्णयावर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. ही मुदत उलटण्यापूर्वी नामंजुरीचे पत्र वाचून, समजावून सांगणारे कोणी पाड्यावर आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.