सोंगाआडचा शेजार

अमेरिकेच्या उपनगरांत न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभे राहणे सहसा रीतीला धरून नसते. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी मात्र चेटकीण, हाडांचा सापळा, स्पायडरमॅन अशी सोंगे घेतलेली मुले अनोळखी घरांच्या घंटा वाजवतात आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, अशी ती उघड धमकी. घरातली माणसे हसत हसत त्यांच्या पिशवीत चॉकलेटे टाकतात. हॅलोविनवर समाजशास्त्रज्ञांनी बरेच लिहिले आहे आणि त्यातला मोठा भाग मुखवट्याविषयी आहे. मला स्वतःला या सणातले दार अधिक महत्त्वाचे वाटते. कोण कुणासाठी ते उघडते, आणि कशाच्या भरवशावर?

हा सण आयर्लंड-स्कॉटलंडकडून अमेरिकेत आला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसे समुद्र ओलांडून आली, तेव्हा त्यांच्याबरोबर या रात्रीच्या चालीरीतीही आल्या. तिकडे सलगम कोरून दिवे करत, इकडे भोपळा मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही रात्र म्हणजे पोरांचा धुडगूस होता. फाटके उचकटायची, गुरे मोकळी सोडायची, गाड्या भलतीकडे नेऊन ठेवायच्या. मिनेसोटा राज्यातल्या अनोका गावाने १९२० मध्ये या रात्री मिरवणूक काढली, ती पोरांना खोड्यांपासून दूर ठेवण्यासाठीच. महामंदीच्या काळात उपद्रव वाढला, तेव्हा खाऊ देऊन पोरांना शांत करण्याची पद्धत पसरली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशन आल्याने ती मंदावली आणि युद्धानंतरच्या नव्या उपनगरांत कायमची रुजली. गावाने पोरांशी केलेला हा एक तह होता, आणि सणाचे आजचे गोंडस रूप त्या तहातून आले आहे.

व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने ‘द रिच्युअल प्रोसेस’ या १९६९ च्या पुस्तकात या रात्रीकडे उलटापालटीचा विधी म्हणून पाहिले. एरवी घरात ज्यांचे काही चालत नाही, तीच मुले एका रात्रीपुरती मोठ्यांना धमकावतात, आणि मुखवट्यामुळे कोण ते कळत नाही. मराठी वाचकाला पुढचा धागा जवळचा वाटेल. त्याच प्रकरणात टर्नर आपल्या होळीकडे वळतो. त्याचा आधार आहे मॅककिम मॅरियट या मानववंशशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या एका गावाचे केलेले वर्णन. तिथे होळीच्या दिवशी शेतमजुरांच्या बायका धनवान शेतकऱ्यांच्या नडग्यांवर काठ्या हाणतात आणि मालक मुकाट्याने मार खातात. शिमग्याची बोंब ज्याने ऐकली आहे त्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. टर्नरचे म्हणणे असे, की अशी उलटापालट व्यवस्था मोडत नाही, उलट ती ठळक करते. समाजशास्त्रज्ञ अमिताई एत्झिओनी यांनी सणांचे दोन गट केले, एक निष्ठा पुन्हा जागवणारे आणि दुसरे साचलेला ताण मोकळा करणारे. हॅलोविन अर्थातच दुसऱ्या गटात बसतो.

पण धमकीत दमच उरला नसेल तर? ग्रेगरी स्टोन या समाजशास्त्रज्ञाने नेमका हा प्रश्न धरला. दारात आलेल्या मुलांना त्याने विचारले, की मी खाऊ दिलाच नाही तर काय कराल? बहुतेकांना उत्तर सुचेना. ‘ट्रिक’ हा शब्द तोंडी होता, त्यामागची खोडी कुणाला ठाऊक नव्हती. १९५९ च्या आपल्या लेखात स्टोनने निष्कर्ष काढला, की जुन्या खोड्यांत निदान मेहनत आणि डोकेबाजी होती. आताची मुले या रात्री फक्त उपभोक्ता होण्याचा सराव करतात. निष्कर्ष कठोर आहे, पण मला तो पटतो. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०२३ च्या हॅलोविनसाठी १२ अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा अंदाज वर्तवला होता.

मुखवट्याने माणूस बदलतो का, हे सिएटलमधल्या २७ घरांत तपासले गेले. मानसशास्त्रज्ञ एड डिनर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच गोळी घे, असे सांगून घरातली बाई आत जाई आणि लपलेला निरीक्षक मोजत राही. एकट्या आलेल्या आणि नाव-पत्ता विचारलेल्या मुलांपैकी शंभरात सातआठांनीच जास्त उचलले. घोळक्यातल्या, नाव न विचारलेल्या मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. सोंग सगळ्यांनीच घेतले होते. फरक पडला तो कुणीतरी आपल्याला ओळखते या जाणिवेने आणि सोबतच्या घोळक्याने. शेजार म्हणजे काय, याची इतकी नेमकी मोजणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता भीतीविषयी. अनोळखी माणूस सफरचंदात ब्लेड घालतो, गोळ्यांत विष कालवतो, हे अमेरिकेतल्या आईबापांच्या मनात पक्के बसले आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट आणि त्यांचे सहलेखक जेराल्ड होरिउची यांनी १९५८ पासूनच्या बातम्या चाळून १९८५ मध्ये लेख लिहिला. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचे एकही सिद्ध झालेले प्रकरण त्यांना सापडले नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने मेला, पण ते विष विम्याच्या पैशासाठी त्याच्या बापानेच दिले होते. १९७० मध्ये डेट्रॉइटमधला एक मुलगा हेरॉइनमुळे दगावला. ते नातेवाइकाच्या घरात त्याच्या हाती लागले होते आणि गोळ्यांवर नंतर भुरभुरले गेले. बेस्ट यांच्या मते ही अफवा गुन्हेगारीची धास्ती, मुलांची काळजी आणि अनोळखी लोकांवरचा अविश्वास यांतून उपजली. १९८२ मध्ये शिकागोत विष मिसळलेल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाने सात माणसे मेली, तेव्हा तिला नवे बळ मिळाले.

या भीतीने सण बदलला. पिशव्या तपासल्या जाऊ लागल्या, घरचे पदार्थ बाद होऊन फक्त वेष्टनबंद खाऊ उरला. अनेक ठिकाणी मुले आता घरोघर जातच नाहीत. चर्चच्या नाहीतर शाळेच्या आवारात रांगेने उभ्या मोटारींच्या डिकीतून खाऊ घेतात. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण खरा धोका रस्त्यावर आहे. १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांच्या अभ्यासात या संध्याकाळी पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. शेजाऱ्यावर संशय घेणारा समाज आपल्या मोटारीवर घेत नाही.

सोंगात सत्ताही असते. समाजशास्त्रज्ञ एडी नेल्सन यांनी मुलांचे ४६९ पोशाख तपासले, तेव्हा मुलगा-मुलगी दोघांनाही चालतील असे दहा टक्केही निघाले नाहीत. समाजशास्त्रज्ञ जेनिफर म्यूलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की गोरे विद्यार्थी या रात्रीच्या सवलतीत इतर वंशांची टिंगल करणारी सोंगे बिनधास्त घेतात. उलटापालटीच्या रात्री खालचा वरच्याला डिवचतो हे टर्नरचे गृहीतक इथे अडते. वरचाच खालच्याला डिवचतो तेव्हा त्यात उलटे काहीच नसते.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हा सण आता परका नाही. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. दिवाळीचा फराळ आपण ओळखीच्या घरी पोचवतो. हॅलोविनचा खाऊ ओळख नसलेल्याच्या पोरासाठी ठेवलेला असतो. स्थलांतरिताला शेजार मिळवून देणारी ही दुसरी रीत आहे आणि तिचे मोल मला मोठे वाटते.

दाराची रीत अजून घडते आहे. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या एका संस्थेने २०१४ मध्ये देशभर एक मोहीम सुरू केली. दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दिसला, की त्या घरी शेंगदाणे किंवा दूध न चालणाऱ्या मुलांसाठी खेळणी आणि खडू ठेवलेले आहेत असे समजायचे.