खर्जाची तार आणि तीन पेट्या

काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्यावर खर्जाची तार छेडली असता ती सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. त्याच तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही उमटतात. जवारीची सारी शोभा त्यांचीच. मैफलीत हे सर्व नाद एकाच वाद्यातून येतात. दिवाणखान्यात मात्र ती एक तार तीन पेट्यांत वाटली जाते. डावा-उजवा स्पीकर लहान असला, की त्याला खालचे नाद पेलत नाहीत. म्हणून साधारण ८० कंपनांची मर्यादा आखून तिच्याखालचा भाग सबवूफर नावाच्या तिसऱ्या पेटीकडे सोपवितात. हे वाटलेले तुकडे कानाशी पुन्हा एक व्हावेत, यासाठीच जोडणीचा सारा खटाटोप.

बहुतेक सबवूफरांत स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. मुख्य ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे त्याच्यासाठी वेगळे सॉकेट असेल, तर एका तारेने काम भागते. ते नसल्यास, सबवूफरवर तशी सोय असेल तर, स्पीकरच्याच टोकांवरून तारा नेतात. तेथून तो केवळ संकेत घेतो, शक्ती जवळजवळ घेतच नाही. परंतु स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेली पेटी तेथे बिनदिक्कत जोडणे हे धाडसच होय. ८ ओहमच्या स्पीकरला ८ ओहमचा दुसरा समांतर जोडला, की अवरोध ४ ओहमवर येतो. ॲम्प्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो, आणि तेवढी ताकद त्याच्यात नसेल तर तो तापून निकामी होण्याचा धोका असतो. तारा जोडताना सर्व यंत्रे बंद असावीत, हे सांगणे नलगे.

याहून फसवी चूक म्हणजे लाल-काळ्या टोकांची अदलाबदल. ८० ची मर्यादा भिंतीसारखी नसते, उतारासारखी असते. तिच्या आसपास तिन्ही पेट्या एकदमच वाजतात. अशा वेळी एकीचा पडदा हवा पुढे ढकलीत असता दुसरीचा मागे ओढू लागला, तर खर्ज हवेतच विरतो. कानाची गंमत अशी, की मूळ कंपन हरवले तरी वरच्या पटींवरून तो स्वर ओळखतो. त्यामुळे काही गेले आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही! सबवूफरवर कला बदलणारी कळ असते. नेहमीच्या बैठकीवर बसून, दुसऱ्याकरवी ती फिरवून, जेथे खर्ज भरदार लागेल तेथे ती ठेवावी.

मग उरते ती खोली. ४० कंपनांच्या नादाची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब. समोरासमोरच्या भिंतींत सव्वाचार मीटर अंतर असेल, तर निम्मी लहर त्यांच्यात नेमकी अडकते. भिंतीशी डग्ग्याचा घुमारा दाटतो आणि मध्यभागी तो जवळजवळ नाहीसा होतो. यावर एक साधा, जरा हास्यास्पद दिसणारा उपाय आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवावा, डग्गा स्पष्ट असलेली ध्वनिमुद्रिका लावावी आणि कान जमिनीलगत नेऊन भिंतीकडेने फिरावे. जेथे प्रत्येक घुमारा सारखा ऐकू येईल, तेथे त्या पेटीची जागा.

एवढ्या खालच्या नादाची दिशा कानाला नीटशी उमगत नाही. म्हणून खर्ज कोपऱ्यातून येत असल्याचा भास झालाच, तर सबवूफरचा आवाज थोडा उतरवावा, नाही तर त्याची मर्यादा थोडी खाली आणावी.