घरातली वीज : भाग ६
मधल्या ओट्याला वीज द्यायची कुठून?

कोल्हापुरातल्या नव्या बंगल्यांत आणि मोठ्या फ्लॅटमध्ये भिंतीलगतच्या ओट्याशिवाय स्वयंपाकघराच्या मधोमध आणखी एक सुटा ओटा दिसू लागलाय. इंटिरिअरवाले त्याला आयलंड म्हणतात. घर बांधताना ‘त्यावर फक्त भाजी चिरायची’ असं ठरतं. मग मिक्सर तिथं मुक्कामाला येतो, मागोमाग इंडक्शन, आणि तांबड्या रश्श्याचं वाटण काढायला भिंतीवरच्या बोर्डातून एक्स्टेन्शन बॉक्सची वायर पायांखालून ओढली जाते. ओल्या फरशीवर लोळणारी ही वायर आधी उचला.

पॉइंट काढायचा म्हटलं की सगळे ग्रॅनाइटकडं बघतात. खरं काम फरशीखाली असतं. स्लॅब आणि टाइल यांच्यामध्ये साधारण दोन इंचांचा मसाल्याचा थर असतो. झिरी त्या थरातच मारायची, कटर स्लॅबच्या सळईपर्यंत जाता कामा नये. जवळच्या भिंतीपासून सरळ, टाइलच्या सांध्याच्या कडेनं गेलात तर कमी टाइल फुटतात. फुटणार मात्र नक्की, त्यामुळं जुन्या लॉटच्या शिल्लक टाइल माळ्यावर आहेत का ते कटर लावण्याआधी बघा. पाइप 25 मिमीचा, जाड भिंतीचा घ्या. वळणावर कोपऱ्याचा एल्बो न घालता लांब बेंड घाला, नाहीतर वायर ओढताना तिचं आवरण सोललं जातं आणि ते फरशीखाली कुणाला दिसत नाही. फरशी फोडायचीच नसेल तर फॉल्स सीलिंगमधून स्टीलचा पाइप खाली उतरवता येतो. दिसायला तो सगळ्यांना आवडत नाही, पण काम एका दिवसात उरकतं.

आता भार. 230 व्होल्टवर 2000 वॅटचं इंडक्शन जवळपास 9 अँपिअर घेतं, 1500 वॅटची किटली साडेसहा. दोन्ही एकदम लावली की 15 च्या वर गेलात, आणि त्यातच मिक्सर फिरला तर 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा खटका, कधीतरी पडणारच. अशा वेळी एमसीबी काढून 32 चा टाकणारे वायरमन भेटतात. त्यांना हात जोडून परत पाठवा. एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. तो मोठा केला की तापायची पाळी वायरवर येते. त्याऐवजी डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण बोर्डापासून, स्वतंत्र सर्किट आणा : तांब्याची 4 चौरस मिमी वायर, 20 चा एमसीबी, ओट्यावर 16 अँपिअरचे दोन पॉइंट आणि मिक्सरसाठी 6 चा एक. महावितरणकडचा मंजूर भार किती आहे तेही वीजबिलावर बघून घ्या.

शेजारच्या लाइटच्या बोर्डातून न्यूट्रल उसना घेण्याची खोड फार जुनी. आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परतलेला करंट सतत ताडून बघतो. साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात वीज तोडतो. न्यूट्रल दुसऱ्याच वाटेनं परतला तर हिशेब जुळत नाही, मिक्सर लावला की घरात अंधार होतो, आणि वैतागून कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतं. ओल्या हातांच्या स्वयंपाकघरात याहून वाईट काही नाही.

बोर्ड बसवायचा कुठं? अमेरिकेच्या विद्युत संहितेत आयलंडला पॉइंट बरीच वर्षं सक्तीचा होता. 2023 च्या आवृत्तीनं ती सक्ती काढली आणि ओट्याच्या पृष्ठभागाखाली, बाजूच्या पॅनेलवर पॉइंट बसवायला मनाई केली. कारण साधं आहे : लोंबणारी वायर रांगतं मूल ओढतं आणि वरचं गरम भांडं त्याच्या अंगावर येतं. आपल्याकडं सर्रास बाजूलाच बोर्ड मारतात. ग्रॅनाइटमधून वर येणारे पॉप-अप सॉकेट दुकानात देखणे दिसतात, पण आपण ओटा पाण्यानं धुतो, म्हणून मला ते पटत नाहीत. ओट्याच्या सिंकपासून लांबच्या टोकाला सहा-सात इंचांची ग्रॅनाइटची उभी पट्टी लावून तिच्यात आडवा बोर्ड बसवलेला बरा.

पाइप वरून उतरवायला कोल्हापुरात आणखी एक कारण आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागातल्या तळमजल्यावर राहत असाल तर फरशीखालून पाइप नकोच, वरूनच उतरवा आणि या सर्किटला डीबीत वेगळा एमसीबी ठेवा, म्हणजे पाणी उंबऱ्याला लागताना एक खटका पाडून वरच्या मजल्याची वीज चालू ठेवता येईल.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. तो गेल्यावर आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून बघा. खटका पडला नाही तर त्याला लगेच परत बोलवा.