गुरू कशाला हवा?

शनिवारी मुलांना चित्रकलेच्या क्लासला सोडून आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" खरं तर विचारायला हवं, "तुझं चित्र कुणी नीट पाहिलं का?"

गोरेगावचे मोहन सामंत मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शंकर पळशीकरांकडे शिकले, १९५२ मध्ये पदविका घेतली. १९६८ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत तिथेच रंगवत राहिले. त्यांच्या चित्रांत वाळू आली, कापलेला कागद आला, तारही आली. पळशीकरांची नक्कल मात्र नाही! हीच गुरूची खरी कमाई.

क्लास हाताला वळण लावतो, गुरू नजर देतो. तेव्हा मंडळी, फी भरण्याआधी भिंतीवरची मुलांची चित्रं बघा. सगळी एकसारखी दिसली, तर खुशाल दुसरा क्लास शोधा.