सायबर युद्धाची झळ गावापर्यंत
नंदुरबार : देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज रेशन, पीएम किसानचा हप्ता, सगळं त्याच नंबरावर चालतं. म्हणून दोन देशांची लढाई आता सीमेपुरती राहत नाही. मे २०२५ मध्ये पहलगामनंतर देशातल्या वेबसाइटवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाल्याचं महाराष्ट्र सायबरने सांगितलं. त्यातले १५० यशस्वी ठरले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईची बत्ती गुल झाली, तेव्हा राज्याला सायबर घातपाताचा संशय होता, केंद्र म्हणालं माणसाची चूक. अशा दिवसांत ‘हल्ल्याचा व्हिडिओ’ म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर उघडू नका, ती फोनचाच ताबा घेते. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.